पिक्चरची उजवी कड

शहापूरजवळच्या शेणवे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. त्या वाडीत चार वर्षं एक गोष्ट लहानथोरांना पाठ होती. मुरबाडकडच्या माळावर पिक्चरचं शूटिंग झालं, तिथं गोमाचा पांढरा बैल बुजून उधळला आणि गोमाच्या एका शिट्टीसरशी मागं फिरला. ही गोष्ट गोमा स्वतःच सांगायचा आणि सांगायचाही झकास. शेवटी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवून दाखवायचा, तेव्हा पोरं खूश व्हायची.

गोमाच्या चुलतभावाची, नथूची बायको ठकी मात्र ही गोष्ट निघाली की उठून कामाला लागायची. बैल तिनं फिरवला होता.

त्या दिवशी वाडीतली बरीच माणसं शूटिंगला गेली होती. गोमाचा बैल आणि गाडी हवी होती, आणि डोक्यावर मोळ्या घेऊन मागून चालायला बायका हव्या होत्या. ठकीची मुलगी रुपा तेव्हा अंगावर पिणारी. ठकीनं माळाच्या कडेच्या करंजाच्या झाडाला झोळी बांधली, पोर तिच्यात निजवली आणि स्वतः मोळी घेऊन जवळच उभी राहिली. नायिका गाडीतून उतरली. गोमानं बैल सोडून बाजूला धरलेला. इतक्यात उन्हाचा उजेड फिरवायचा चकाकता फळा कुणीतरी वळवला, तो झगझगाट नेमका बैलाच्या डोळ्यांवर आला आणि बैल कासरा हिसकून सुटला. सुटला तो सरळ करंजाकडं. ठकीला विचार करायला सवडच नव्हती. तिनं डोक्यावरची मोळी त्याच्या पुढ्यात आपटली, दोन्ही हात पसरले आणि पोटातून ओरडली. बैलाची शिंगं तिच्या हाताला लागतील इतकी जवळ आली, आणि तिथून तो वळला.

धुरळा खाली बसला तेव्हा बैल गाडीपाशी धापा टाकत उभा होता आणि कासरा गोमाच्या हातात होता. पिक्चरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या कुणासाठी होत्या ते कुणी विचारलं नाही. बाकीची माणसं पळाली होती, त्यांनी पाहिलं ते एवढंच. नथू तर त्या दिवसांत भिवंडीकडं वीटभट्टीवर होता. ठकीनं घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, असंल. ते ‘असंल’ तिला बैलापेक्षा जास्त लागलं. एकदोनदा तिनं चारचौघींतही सांगून पाहिलं, पण बायका हसल्या, आणि मग तिनं सांगायचं सोडून दिलं.

पिक्चर काही चालला नाही. शहापुरातही आला नाही. वाडी त्याला विसरून गेली असती, पण चार वर्षांनी गोमाचा थोरला मुलगा अनंता आसनगावच्या कंपनीत लागला आणि त्यानं मोबाइल घेतला. शहापुरात एसटी स्टँडजवळ भगीरथचं दुकान होतं. तिथं मोबाइलच्या कार्डात गाणी आणि पिक्चर भरून मिळत. अनंतानं खोदून खोदून विचारलं आणि तोच पिक्चर भरून आणला.

रविवारी सगळी वाडी गोमाच्या अंगणात जमली. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा पडदा, आणि त्याच्यावर वाकलेली वीस डोकी. बैलाचा प्रसंग आला. बैल बुजला, धावत पडद्याच्या उजव्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. क्षणभर नायिकेचा घाबरलेला चेहरा तेवढा राहिला. मग बैल त्याच कडेनं मान खाली घालून परत आत आला.

“बघा,” गोमा म्हणाला. “हाय का कुणी तिथं? शिट्टीबिगर आपसूक फिरंल का जनावर?”

सगळे हसले, आणि बरेचजण ठकीकडं बघून हसले. नथू खाली मान घालून बसला. रुपा आईच्या मांडीवर होती, ती विचारत होती की बैल कुठं गेला होता. ठकीनं मात्र उठून जाण्याऐवजी अनंताला तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. त्यानं लावला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

“करंज कुठाय?” तिनं विचारलं.

अनंताला कळेना.

“तिथं करंज व्हता, अनंता. मोठा. तो बैलासंगं पळाला काय?”

कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पण अनंता विचारात पडला, कारण शूटिंगच्या दिवशी त्या झाडाखाली तोही भाकरी खायला बसला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ठकी करवंदांची पाटी घेऊन जीपमध्ये बसली. अनंताही सुट्टी म्हणून बरोबर निघाला. करवंदं दुपारपर्यंत संपली, तसे दोघं भगीरथच्या दुकानात गेले.

भगीरथ शहापूरचाच, बोलका माणूस. ठकीनं झाडाचं विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही. पिक्चर असतो लांबरुंद, आणि मोबाइलचा पडदा असतो चौकोनी, तो म्हणाला. सगळा बसवायचा तर वरखाली काळे पट्टे येतात, आणि माणसं भांडायला येतात की पट्ट्यांनी आमचा अर्धा पिक्चर खाल्ला. म्हणून तो दोन्ही कडा कापून मधला भाग भरून देत असे. तेव्हा कुणी भांडत नसे.

“मंजे खरा खाल्लेला पिच्चर तुमी देताव,” ठकी म्हणाली, “आणि भांडण मातर सगळा असलेला दिला की?”

भगीरथ हसला. असंच आहे म्हणाला. आणखी एक तऱ्हा असते, कडा न कापता पिक्चर दोन्ही बाजूंनी दाबून बसवायचा, तीही त्यानं कॉम्प्युटरवर लावून दाखवली. त्यात नायिका बांबूसारखी उंच झाली आणि गोमाचा बैल शेळीएवढा बारीक. अनंताला हसू आवरेना. मग भगीरथनं मूळची सीडी शोधून काढली आणि पिक्चर होता तसा, पट्ट्यांसकट लावला.

करंज दिसला. करंजाला झोळी दिसली. झोळीच्या पुढं हिरव्या लुगड्यातली एक बाई दिसली. बैल तिच्यावर चालून आला, तिनं मोळी आपटली, हात पसरले. भगीरथनं खुर्ची पुढं ओढली. बैल वळला, आणि बाई तिथंच उभी राहिली, हात पसरलेलेच, बैल लांब गेला तरी.

ठकीनं स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं आपण त्या वेळी थरथरत होतो. ही बाई थरथरत नव्हती.

“काकी,” अनंता म्हणाला, “तूच व्हतीस.”

तो आता पडद्याची डावी कड बघत होता. तिथं गाडी होती, आणि गाडीवर चढून, पाय वर घेऊन, दोन्ही हात डोक्यावर ठेवून त्याचा बाप बसला होता. तोंड उघडं होतं, पण शिट्टीसाठी नाही.

भगीरथला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलं, पट्ट्यांसकट भरून देऊ का? अनंतानं ठकीकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. ठकीला गोमाची ती शिट्टी आठवली, वीस माणसांचं हसू आठवलं, नथूची खाली गेलेली मान आठवली. पट्टे आले तर येऊ देत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण हा पोरगा तिच्यासाठी सुट्टी मोडून आला होता आणि त्याला उद्या त्याच वाडीत राहायचं होतं.

तिनं भगीरथला विचारलं, कापायचंच झालं तर दोन्हीकडून कशाला? एकीकडूनच कापता येतं का?

येतं, भगीरथ म्हणाला. डावीकडून कापलं तर उजवीकडचं सगळं राहील, आणि चांगलं मोठं दिसेल. फक्त नायिकेचं अर्धं तोंड जाईल.

“जाऊ दे,” ठकी म्हणाली. “तिला बाकीचं सारं पिच्चर हाय.”

भगीरथनं तेवढाच प्रसंग वेगळा करून कार्डात भरला. परतीच्या जीपमधून उतरताना अनंतानं काकीची रिकामी पाटी आपल्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच घरोघर जाऊन माणसं बोलावली. अंगण भरलं. गोमा ओट्यावर बसला होता. पूर्ण पिक्चर मिळाला, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा तो अस्वस्थ झाला आणि उठून पुढं आला. बैल उधळला तेव्हा आपण कुठं होतो हे त्याला विसरणं शक्य नव्हतं.

प्रसंग सुरू झाला. या वेळी करंज आधीपासूनच होता. बैल धावला, आणि कडेला जाऊन नाहीसा झाला नाही. मोळी आपटली, हात पसरले गेले, बैल वळला.

“ती आय हाय,” रुपा म्हणाली.

“आणि झोळीत तू हायस,” ठकीनं तिला सांगितलं.

सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणाले. अनंतानं पुन्हा लावलं. गोमा दोन्ही वेळा शेवटपर्यंत बघत राहिला, पण बैलाकडं नाही, डाव्या कडेकडं. तिथं गाडी नव्हती. त्यानं मुलाकडं पाहिलं. मुलानं मान फिरवली. मग त्यानं ठकीकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती, न हसता.

गोमा खाकरला. अंगण जरा शांत झालं.

“ठकीनं फिरवला बैल,” तो म्हणाला. “शिट्टीबिट्टी काय नाय. मी वाजवलीच नव्हती.”

एवढं बोलून तो जाऊन परत ओट्यावर बसला, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांना आता ठकीला विचारायचं होतं. शिंगं किती जवळ आली होती, काय ओरडलीस, भीती कशी वाटली नाही. ज्या बायका हसल्या होत्या त्याच आता तिला मधे ओढत होत्या. नथू मागं उभा होता. तो गर्दीतून वाट काढत आला, मोबाइल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन ते सगळं एकट्यानं पाहिलं.

“तू मला सांगितलं व्हतंस,” तो म्हणाला.

“सांगितलं व्हतं,” ठकी म्हणाली.

मग तिनं रुपाला कडेवर घेतलं, पदर खोचला आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून पहिल्यापासून सांगायला लागली. तो चकाकता फळा कसा फिरला, बैलाचे डोळे कसे झाले, माती कशी उडाली. हात पसरायची वेळ आली तेव्हा तिनं पोर नथूकडं दिली आणि दोन्ही हात पुरते पसरले. जवळ उभ्या असलेल्या माणसांना मागं सरकावं लागलं.