चादरीआडची खंडेनवमी

"अरं, त्याचं ढोपर उघडं पडलंय. चादर खाली वढ," सयाजी म्हणाला, आणि सुजितने मशिनवरची गुलाबी फुलांची चादर जमिनीपर्यंत ओढली. शेजारच्या मशिनवर निळ्या चौकड्यांची होती, कोपऱ्यातल्या टेबलावर कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेली, मोरांची. तळवड्याच्या त्या शेडमध्ये खंडेनवमीच्या सकाळी सगळी मशिनं पांघरूण घेऊन झोपली होती.

"काका, हार चादरीलाच घालायचा?" सुजितने विचारलं.

"मग? देवाला कळतंय आत कोन हाय ते."

कंपनी खासगी, पण काम संरक्षण खात्याचं. इथे एक पार्ट बनायचा. तो कशाचा, कुठे बसतो, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मी ते इथे लिहिलं नसतं. सयाजीला मात्र तो अंगठ्याच्या रेषांइतका ओळखीचा होता. कामाला लागताना त्याने शब्द दिला होता की यातलं बाहेर कुणापाशी बोलणार नाही. असले शब्द माणसं देतात आणि चहा पिऊन विसरतात. सयाजी विसरला नाही. घरी, थेरगावात, कुणी विचारलं तर तो "लोखंडाचं काम" एवढंच सांगायचा, आणि पार्ट खरोखर लोखंडाचा होता का याचीही मला आता शंका येते.

त्याच्या बायकोला, सुमनताईंना, हे फार लागायचं. शेजारच्या नूरबीचा नवरा अन्वर गॅरेज चालवायचा. दारावरून रिक्षा गेली की नूरबी सहज म्हणायची, "हिचं इंजन आमच्या ह्यांनीच खोललंय." सुमनताईंकडे दाखवायला काहीच नव्हतं.

"सासू झाले मी," त्या सयाजीला म्हणायच्या, "तरी नवरा काय करतो ते ठाऊक न्हाई. लोकास्नी वाटत असंल, काहीच करत न्हाई."

"वाटू दे की," सयाजी म्हणायचा आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचा.

आसपासच्या कारखान्यांत खंडेनवमीला कामगारांची बायकापोरं येतात. मशिनला हळदकुंकू लावतात, आपल्या माणसाच्या जागेवर उभं राहून पेढा खातात. सयाजीच्या शेडमध्ये हे कधीच घडलं नव्हतं. यंदा नव्या साहेबांनी पहिल्यांदा परवानगी दिली. अट एवढीच की फोन गेटवर ठेवायचे आणि मशिनं झाकलेली हवीत. सयाजी वर्षअखेरीला निवृत्त होणार होता, म्हणजे ही त्याची शेवटची खंडेनवमी. सुमनताईंनी ठेवणीतली हिरवी साडी काढली. "निदान उभं कुठं राहता ते तरी बघते," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण चादरीचा एखादा कोपरा सरकेल अशी आशा त्यांना होतीच. ती असण्यात काही चूकही नव्हती.

शेवटचा हार घालून सयाजी दारापाशी आला आणि जागीच थबकला.

उंबऱ्याबाहेर वर्षाली रांगोळी पूर्ण करत होती. ती तपासणी विभागातली. तयार झालेला प्रत्येक पार्ट तिच्या हाताखालून जायचा. दरवर्षी दारात कमळ काढायची पद्धत होती. आज वर्षालीने पार्ट काढला होता. आतल्या कप्प्यांसकट, जांभळ्या आणि केशरी रंगात, भोवती झेंडूच्या पाकळ्या.

"काका, तुमच्यासाठी," ती वर बघून हसली. "शेवटची खंडेनवमी ना तुमची. कशी झालीय?"

सयाजीला आधी आनंदच झाला, हे सांगायला हवं. आपण जन्मभर जे हाताने घडवलं आणि जे कुणाला दाखवता आलं नाही, ते असं दारात मिरवताना बघून त्याचा ऊर भरून आला. मग त्याला गेटच्या बाजूने बायकांचा गलका ऐकू आला.

"पोरी, ह्ये काय केलंस?"

वर्षालीचा चेहरा क्षणात उतरला. रोज बघून बघून तिला ते रूप घरच्या देव्हाऱ्यासारखं झालं होतं. ते लपवायचं असतं हे फक्त आज, सणाच्या घाईत, तिच्या ध्यानातून निसटलं होतं. "चादर टाकू का?" ती पुटपुटली. पण एकही चादर उरली नव्हती.

वळणावर हिरवी साडी दिसली. सगळ्यांच्या पुढे अर्थातच सुमनताई होत्या.

"सुमन, तिथंच थांब," सयाजी ओरडला. "मागं फीर."

आयुष्यात तो बायकोवर असा ओरडला नव्हता. सुमनताई थांबल्या. दारातले रंग त्यांना लांबून दिसलेच असणार. आणखी चार पावलं टाकली असती तर सगळंच दिसलं असतं. त्यांनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाठ फिरवली. नुसती फिरवली नाही, तर दोन्ही हात पसरून मागच्या बायकांचा रस्ता अडवला.

"थांबा गं सगळ्या. आत पूजेची तयारी चाललीया. घाई काय हाय?"

सयाजी गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळव्यांनी रांगोळी पुसू लागला. वर्षालीही रडत रडत पुसू लागली.

"चुकलं माझं, काका."

"चुकलंच. पर रंग लई भारी भरलास. वाकडीतिकडी असती तर ऱ्हाऊ दिली असती."

ती रडता रडता हसली. पुसून झाल्यावर सयाजीच तिला सुरक्षा अधिकाऱ्यांकडे, अर्जुनरावांकडे, घेऊन गेला. लपवलं असतं तर खपलंही असतं, पण ते त्याला जमणारं नव्हतं. फौजेतून आलेल्या अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुमनताईंना बोलावलं.

"वहिनी, तुम्ही काय पाहिलंत?"

"रंग दिसला लांबनं. ह्ये म्हनले मागं फीर, फिरले."

"बघावंसं नाही वाटलं?"

"लई वाटलं," सुमनताई म्हणाल्या. "पर ह्यांनी इतकी वर्सं सांभाळलं, ते मी एका दिवसात सांडू व्हय?"

अर्जुनरावांनी मान डोलावली. मग वर्षालीला म्हणाले, "साहेबांना मी सांगतो. पुढच्या वर्षी कमळ. फक्त कमळ."

पूजा झाली. सुमनताईंनी गुलाबी चादरीला हळदकुंकू वाहिलं, नवऱ्याच्या जागेवर उभं राहून पेढा खाल्ला आणि सुजितला विचारलं, "चादर आमच्यात धुवायला धाडतोस का?"

परतताना सयाजीची स्कूटर डांगे चौकात थांबली. सिग्नलला सुमनताई म्हणाल्या, "मी फिरले नसते तर?"

"तरी पुसलीच असती. आन् मग तुलाबी माझ्यागत तोंड शिवून बसावं लागलं असतं. जमलं असतं?"

सुमनताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई. दिवेलागणीच्या आत नूरबीला सांगितलं असतं."

सयाजी इतका हसला की सिग्नल सुटलेला त्याला कळलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुमनताईंनी दारात मोठी रांगोळी घातली. चारी कोपऱ्यांत कमळं, भोवती वेलबुट्टी आणि पाकळ्या. नूरबी शिरखुर्म्यासाठी नेलेलं पातेलं परत द्यायला आली आणि थांबली.

"मधलं राहिलं की गं, सुमन. रंग संपला का?"

सयाजी उंबऱ्यात चहा पीत बसला होता. नखांच्या कडेला कालचा जांभळा रंग अजून होता.

"राहिलं न्हाई," सुमनताई म्हणाल्या. "तेवढं ह्यांचं हाय."

आणि मधल्या कोऱ्या जागेवर पाय पडू नये म्हणून त्यांनी नूरबीला कडेकडेने आत घेतलं.