ताईच्या खोलीतला संगणक

मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो आणि माझ्या काही कळांवरची अक्षरे पार झिजली आहेत. ज्या बोटांनी ती झिजवली, ती बोटे आता नाहीत. मित्रांनो, त्या बोटांची ही गोष्ट आहे.

दुकानातून ताईने मला घरी आणले आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. ती कॉलेजात गणित शिकवायची. घरात आई होती आणि पाठचा भाऊ होता. भावाला सगळे धाकटा म्हणत. कानाजवळचे केस पिकले तरी तो धाकटाच राहिला.

गणिताची एक मुक्त आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, होती. ती कुणीही फुकट वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी. तिला अवकल समीकरणे मात्र सोडवता येत नव्हती. पाणी आत्ता किती वेगाने निवते आहे एवढे कळले, की थोड्या वेळाने ते किती गरम असेल हे सांगणारी ही समीकरणे. ताईने पदर खोचला. तिने लिहिलेला भाग एकेक पाऊल टाकत उत्तराकडे जायचा. अवघड वळण आले की थांबायचा आणि माझ्या पडद्यावर ताईचे शब्द उमटायचे: 'जरा दमानं. इथे पाऊल लहान टाका.'

"मशीनला कुणी असं बोलायला शिकवतं का?" धाकटा हसायचा.

"मग काय वसकन अंगावर यायला शिकवू?" ताई म्हणायची.

देशोदेशीचे लोक तो भाग वापरू लागले. कौतुकाचे निरोप येत. ताई ते आईला वाचून दाखवी. आईला गणितातले ओ की ठो कळत नसे, पण ती पुन्हा वाचायला लावी.

मग ताई आजारी पडली. तिची खुर्ची रिकामी झाली, तिचा स्वेटर तेवढा खुर्चीच्या पाठीवर राहिला. आज्ञावलीतल्या तिच्या भागाची जबाबदारी धाकट्याकडे आली. त्याने त्यातल्या एका अक्षराला हात लावला नाही. अनोळखी लोक दुरुस्त्या पाठवत. तो त्या उघडतही नसे. मित्रांनो, माणसे दुर्लक्ष करतात ते नेहमी प्रेम आटले म्हणूनच असते असे नाही.

आई मात्र रोज दुपारी यायची. खोलीचे दार लोटून घ्यायची आणि हळूच म्हणायची, "तिला बोलायला लाव रे."

धाकटा मला मुद्दाम एक अडणारे समीकरण द्यायचा. पडद्यावर शब्द उमटायचे. आई ते बोट लावून वाचायची, मग पडद्याकडे पाहून म्हणायची, "हो गं, दमानंच चाललंय." मी नुसता संगणक. पण त्या वेळी आपल्यात कुणीतरी बसले आहे असे मलाही वाटे.

एके दिवशी एका धरणावरच्या इंजिनिअर बाईंचा निरोप आला. धाकट्याने तो उघडला, कारण त्यात दुरुस्ती नव्हती, प्रश्न होता. 'तुमच्या उत्तराप्रमाणे पाणी उतरायला हवं होतं. इथे ते चढतंय. आम्ही पाणी मोजायच्या पट्टीवर बघितलं म्हणून खालची गावं वेळेत हलवली. उत्तर चुकलं, तर तुमचा इशारा का आला नाही?'

धाकट्याने तेच समीकरण मला घातले. उत्तर आले, गुळगुळीत आणि साफ चुकीचे. जिथे ताईने बोलायला हवे होते, तिथे ती गप्प राहिली होती.

पाऊल मोजणारा सगळा भागच नव्याने लिहावा लागणार होता. दुपारी आई आली तेव्हा त्याने तिला सांगितले. बराच वेळ ती स्वेटरच्या बाहीवरून हात फिरवत राहिली.

"लोक बुडाले असते?"

"असते."

"मग काढ ते. चुकीचं बोललेलं तिला कधी खपलंय का?"

"तिचं वाक्य तेवढं ठेवतो, आई."

"नको. तुझ्या कामात तिला कशाला बोलायला लावतोस? तुझं तू लिही."

त्याने लिहिले. डोळे पुसत लिहिले, पण नीट लिहिले. अनोळखी लोकांच्या साठलेल्या दुरुस्त्याही एकेक करून पाहिल्या. त्यातल्या एकीत हीच चूक कुणीतरी केव्हाच दाखवून ठेवली होती. त्या दिवशी तो जेवला नाही.

आता आई या खोलीत येते ती खिडकी उघडायला. काही विचारत नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ज्याला आपण जीव लावतो ते उघडून पाहत जा, पुसत जा, चुकले तर सुधारा. आणि तुमच्यापैकी कुणाकडे त्या आज्ञावलीची जुनी प्रत असेल, तर कृपा करून ती बदला. त्या प्रतींमध्ये ताई अजून आहे. कुठल्या कुठल्या खोल्यांतून ती अजून समीकरणे सोडवते आहे, आणि तिथे तिला तिची चूक कुणीच सांगितलेली नाही.