कळ मी काढली

शब्दकोशाच्या कचेरीत ‘क’ संपत आला होता आणि माणसंही. दोघं निवृत्त झाली, एक दुसरीकडे चिकटली. उरले एकटे कोशकार आणि खडखडणारा पंखा. घरी गेलं तरी बोलायला भिंतीच, म्हणून स्वारी कचेरीतच रेंगाळायची.

त्या दुपारी ‘कळ’ आली. पोटात उठते ती कळ. तिच्या व्युत्पत्तीपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं. यंत्राची दाबतात ती कळ, ‘कला’वरून. भांडणाची कळ ‘कलह’वरून. मग वाक्प्रचार: कळ काढणे. एक, धीर धरणे, सोसणे. दोन, भांडण उकरून काढणे. दुसऱ्या अर्थाला उदाहरण सुचेना, आणि सुचलं ते नेमकं नको तेच: ‘आईच्या आजारपणात कळ मी काढली रे.’

हे थोरल्या भावाचं वाक्य. आईला कोणी ठेवून घ्यायचं यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. आई गेल्यावर एकदा दादाचा फोन आला, तेव्हा तो हे म्हणाला. यांनी ऐकलं ते ‘सोसलं मी’. म्हणजे आला उपकार मोजायला! फोन आपटला. जगाला अर्थ सांगणाऱ्या या शहाण्याला दुसरा अर्थ सुचलासुद्धा नाही. दादा माफी मागत होता की काय? त्यांनी नंबर फिरवला.

फोन वहिनींनी उचलला आणि यांचा ‘हॅलो’ ऐकताच ओळखलं.

“भावोजी? अहो, आम्ही तर आशाच सोडली होती!”

“दादाला द्या ना. एकच विचारायचंय.”

“विचारा, पण उत्तर नाही मिळायचं. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली त्यांची. ऐकू मात्र येतं सगळं. थांबा, कानाला लावते.”

पलीकडे श्वास ऐकू आला. कोशकारांच्या डोक्यात ढीगभर शब्द, जिभेवर एकही नाही. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

“दादा,” ते शेवटी म्हणाले, “चुकलो मी. येऊ का रे तुझ्याकडे?”

श्वास जरा अडखळला. मग वहिनींचा आवाज आला.

“डोळ्यांतून पाणी येतंय त्यांच्या.”

“हो म्हणतोय का?”

“ते मला कसं कळणार, भावोजी?”