नमुना पुन्हा पाठवा

"पानी नाय घातलं, बाय. झाली तेवढीच हाय."

आवडाबाईंनी काउंटरवर बाटली ठेवली. तळाला जेमतेम बोटभर लघवी. लेबलवर नाव रसिका, वय तीन वर्षे, मुक्काम कोपर.

माजिवड्याच्या या लॅबमध्ये मेघना सतरा वर्षं लघवीचे नमुने तपासत होती. नमुने कलेक्शन सेंटरची माणसं आणतात. घरचं कुणी इथवर येत नाही. या बाई बर्फाच्या पिशवीत बाटली घेऊन स्वतः आल्या होत्या.

"पुरेल एवढी. बसा मावशी."

त्या उभ्याच राहिल्या. "मेघना तूच ना? चिठ्ठीवर नाव व्हतं ती?"

"हो."

"मंग तुलाच इचारते. अद्वयच्या बाटलीत पानी मी घातलेलं. पोराला चार थेंब झालेली. बाटलीवर रेघ व्हती, मना वाटलं तिथवर पायजेच. कमी दिली तर परत पाठवतील. नळाचं नाय घातलं, प्यायचं घातलं."

मेघनाला ती बाटली आठवत होती. आठ महिन्यांचा मुलगा, ताप आला की उलट्या आणि ग्लानी. शरीर चरबी नीट जाळू शकत नसेल, तर काही फॅटी ॲसिड्स लघवीत उतरतात. लघवी कधी दाट असते, कधी पातळ. म्हणून ती ॲसिड्स क्रिएटिनीनच्या, म्हणजे शरीरातून रोज साधारण सारखंच बाहेर पडणाऱ्या द्रव्याच्या, प्रमाणात मोजायची. क्रिएटिनीन ठरलेल्या आकड्याखाली गेलं, तर पुढची तपासणी करायची नाही, हा लॅबचा नियम. अद्वयचं फारच खाली होतं. त्या शुक्रवारी तिने रिपोर्टवर लिहिलं, 'पाणी मिसळल्याची शक्यता. नमुना पुन्हा पाठवा.'

दुसरा नमुना आला नाही. मंगळवारी तिने कल्याणच्या सेंटरला फोन केला, तेव्हा कळलं. पक्क्या रिपोर्टची वाट पाहत मुलाला घरीच ठेवलं होतं. सोमवारी पहाटे तो गेला.

त्या दिवशी तिने फ्रीझरमधली उरलेली लघवी कुणालाही न विचारता मशीनला लावली. पाण्याने ॲसिड पातळ होतं तसं क्रिएटिनीनही. प्रमाण फारसं हलत नाही. आकडे एवढे मोठे होते की शंकेला जागाच नव्हती. तिने रिपोर्ट पाठवला, म्हणूनच डॉक्टरांनी आता मोठ्या बहिणीची, रसिकाची, तपासणी सांगितली होती. लॅबचे प्रमुख हरिहर सर त्यावर एवढंच म्हणाले होते, "तू नियम पाळलास. आता घरच्यांशी काही बोलू नकोस."

"सून बोलत नाय माझ्याशी," आवडाबाई म्हणाल्या. "दीड महिना झाला. ताट वाढते, पन बोलत नाय. कमलेश म्हनतो, जाऊ दे आई. काय जाऊ दे? मना खरं सांग. माझ्या पान्यानं गेला का तो?"

मेघनाने काचेआडच्या केबिनकडे पाहिलं. सर फोनवर होते.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं पाणी होतं तरी आजार दिसत होता. नंतर त्याच बाटलीत सापडला. मी ती शुक्रवारी तपासली नाही."

"का?"

"नियम होता. तरी लावून बघता आली असती. माझ्या मनात आलेलं. घरी जायची वेळ झाली होती."

आवडाबाई आता बसल्या. मग कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी पुढे केला.

"हे कृतिकाला सांग. मी सांगितलं तर तिला वाटंल, म्हातारी स्वतःला सोडवते."

मेघनाने फोन लावला. पलीकडून "हं" एवढंच आलं.

"कृतिकाताई, मी लॅबमधून मेघना बोलतेय. अद्वयची बाटली न तपासताच मी नमुना पुन्हा मागवला होता. पाणी असूनही त्यात आजार कळला असता. चूक तुमच्या सासूबाईंची नाही. माझी आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. गॅस कुणी बंद केला नाही.

"किती वेळ लागला असता?" कृतिकाने विचारलं.

"सहा तास."

"मग वाचला असता?"

"ते मला नाही सांगता येणार. सलाइनमधून साखर द्यायला दोन दिवस मिळाले असते."

तिसरी शिट्टी. मेघनाला वाटलं फोन ठेवला. केबिनचं दार उघडून हरिहर सर बाहेर आले होते आणि तिच्याकडे पाहत उभे होते.

"आई आहेत का तिथं?" कृतिकाचा आवाज आला.

"आहेत. देऊ?"

"नको. त्यांना साखरेची गोळी असते सकाळी. काही न खाता गेल्यात. तेवढं बघा."

फोन बंद झाला. "काय म्हनली?" आवडाबाईंनी विचारलं. मेघनाने निरोप सांगितला. आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळल्या.

सरांच्या समोरून मेघना पॅन्ट्रीत गेली, आपला डबा घेऊन आली आणि झाकण उघडून आवडाबाईंच्या मांडीवर ठेवला.