सरांच्या सहीची मुलगी

थोरवत सरांनी शिफारसपत्रावर सही केली, त्याच दिवशी दुपारी पत्रातली मुलगी जेवायला आली. चपला दाराबाहेर जोडून ठेवल्या, हातपाय धुतले आणि शलाकाच्या शेजारी मांडी घालून बसली. आईने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मांडणीवरून आणखी एक ताट काढलं.

"भाकरी पुरेल का?" शलाकाने विचारलं.

"पुरेल की. तू अर्धी कमी खा."

मुलगी शलाकासारखीच होती. तोच डावा भांग, हनुवटीवर तोच लहानपणी पडल्याचा व्रण. फक्त ती जास्त दिसत होती. नवा चष्मा लावून बाहेर आल्यावर लिंबाचं पान न् पान सुटं दिसावं, तशी. मेथीची भाजी तिने मागून घेतली. शलाकाला मेथी आवडत नाही, पण पत्रात आवडीनिवडींचं काही लिहिलेलं नव्हतं. जेवण झाल्यावर तिने तिघींची ताटं उचलली.

"बघ," आई म्हणाली. "शीक जरा."

अर्जदाराला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता?

दोन वर्षं. अकरावी आणि बारावी, पदार्थविज्ञान, वर्गात एकशे वीस मुलं. सर तिला "वाठारकर चष्म्यांची" म्हणून ओळखायचे, कारण त्यांचा स्वतःचा चष्मा तिच्या वडिलांच्या दुकानातला होता. पत्र मागायला गेली तेव्हा ते प्रयोगवह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच लिहून आण गं. मी सही ठोकतो."

यात वावगं काही नव्हतं. कराडात सगळे असंच करतात. वसतिगृहासाठी असो, शिष्यवृत्तीसाठी असो, पत्र मुलांनीच लिहायचं, सरांनी सही करायची, शिपायाने शिक्का मारायचा. पण मुलं चार ओळी लिहितात. विद्यार्थी नियमित आहे, कष्टाळू आहे, वर्तणूक चांगली आहे, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. चार ओळींतून कोणी येत नाही.

शलाकाने दीड पान लिहिलं.

तिला कॅनडातल्या एका विद्यापीठात प्रकाशाचं शास्त्र शिकायचं होतं. दुकानातल्या काचांच्या पेटीत पहिल्यांदा बोट घातलं तेव्हापासून तिला हेच शिकायचं होतं, फक्त त्याला नाव असतं हे नंतर कळलं. जागा एक होती. अर्जाची मुदत पंधरा जानेवारी. म्हणून तीन दिवस बसून तिने थोरवत सरांच्या आवाजात लिहिलं, की शलाका न घाबरता प्रश्न विचारते. प्रयोगशाळेतला बंद पडलेला स्पेक्ट्रोमीटर तिने स्वतःच्या हाताने चालू केला. मागे पडलेल्या मुलींना ती कॉलेज सुटल्यावर थांबून शिकवते. ती वर्गात आली की वर्ग जागा होतो.

यातलं काहीच तिने केलं नव्हतं. खोटं लिहितोय असंही तिला वाटलं नव्हतं. या गोष्टी ती करणारच होती, वेळ मिळाला की.

अर्जदाराचं वर्णन करणारे पहिले तीन शब्द

जिज्ञासू, खंबीर, दयाळू.

दुसऱ्या दिवशी पत्रातली कॉलेजात आली आणि पहिल्याच तासाला तिने सरांना प्रश्न विचारला. मधल्या सुट्टीत स्पेक्ट्रोमीटरवरची धूळ पुसली, एक स्क्रू फिरवला, आणि भिंतीवर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत पट्टे पडले. कॉलेज सुटल्यावर चार मुलींना घेऊन ती पायरीवर बसली. त्या चौघी दोन वर्षं शलाकाच्या बाकावर बसत होत्या. शलाका जवळ गेली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि डोळे बारीक केले. उन्हाकडे बघताना करतात तसे.

हजेरीला सरांनी नाव घेतलं तेव्हा दोन आवाज आले.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "तू कोण गं?"

"शलाका, सर."

"मग ही?"

"ही तुम्ही सही केलेली."

सरांनी थोडा विचार केला. "मग हीच," ते म्हणाले. "सही माझी आहे म्हटल्यावर." आणि पुढचं नाव घेतलं.

आठवड्याभरात गल्लीत डोळे बारीक करण्याची साथ आली. शेजारच्या यादव काकू पप्पांच्या दुकानात, चष्माघरात, येऊन बसल्या. म्हणाल्या, दळण आणायला निघाले तर तुमची पोरगी समोरून आली आणि मला नुसतं पांढुरकं काहीतरी हललेलं दिसलं, मोतीबिंदू तर नाही ना. पप्पांनी त्यांना खुर्चीत बसवलं. काकूंनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मग वाणी आला, मग पोस्टमन. सगळ्यांची नजर स्वच्छ होती. सगळ्यांना सगळं दिसत होतं, एवढं एक सोडून.

पप्पा प्रत्येकाला तेच सांगायचे. "तुमच्या डोळ्यांत दोष नाही." आणि मग काउंटरपाशी उभ्या असलेल्या शलाकाकडे बघायचे. डोळे बारीक न करता. त्यासाठी त्यांना कष्ट पडत आहेत हे तिला दिसायचं.

तुम्ही आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत अर्जदाराचं स्थान (एकाच चौकटीत खूण करावी)

सरासरीपेक्षा कमी. सरासरी. चांगली. उत्तम. माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक.

सरांनी शेवटच्या चौकटीत खूण केली, कारण शलाकाने तिथे आधीच पेन्सिलीने टिंब देऊन ठेवलं होतं.

ती त्यांना पुन्हा भेटायला गेली. म्हणाली, सर, ती मोजक्यांपैकी असू दे, पण माझ्यासाठी 'चांगली'मध्ये एक खूण कराल का? सर तिच्या आवाजाच्या दिशेने बघत होते, साधारण तिच्या खांद्याच्या डावीकडे.

"एकाच चौकटीत करायची असते गं. कंसात लिहिलंय." मग त्यांना वाईट वाटलं असावं. "बाकीच्या रिकाम्याच आहेत की. त्यात कुठे उभं राहायचं तर राहा."

ती 'सरासरी'मध्ये उभी राहिली. पावलं जोडली की बरोबर मावायची. तेव्हापासून तिला कुठेही तेवढीच जागा मिळू लागली. वर्गात खिडकी आणि कपाटाच्या मधे. घरी फ्रिज आणि भिंतीच्या मधे. आई फ्रिज उघडायची तेव्हा तिला एक पाऊल मागे घ्यावं लागायचं आणि मागे पाऊल टाकायला जागा नव्हती, म्हणून ती श्वास आत घ्यायची. आई ताटं तीन मांडायची. पप्पा दुकानात जेवायचे, म्हणजे तिच्या हिशेबाने दोनच लागायला हवी होती. तिसऱ्या ताटात आई थोडंसं वाढायची आणि कोणासाठी ते आठवत उभी राहायची.

"नैवेद्याचं असेल," पत्रातली म्हणायची. ती दयाळू होती. आई आत गेली की ते ताट ती फ्रिजपाशी सरकवायची.

फक्त याच अर्जदाराबद्दल सांगता येईल अशी एखादी गोष्ट

तेरा तारखेला पुण्याहून मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. त्या अशा अर्जांचंच काम करतात, आणि पत्र त्यांना आधी दाखवायला पाठवलं होतं. शलाकाने फोन घेतला तर त्यांना नुसती खरखर ऐकू गेली, म्हणून पत्रातलीने घेतला. मॅडम म्हणाल्या, पत्र छान आहे, पण ही मुलगी कुठलीही असू शकते. अशा शंभर मुली माझ्याकडे रोज येतात. एक गोष्ट हवी, बारीकशी, जी दुसऱ्या कोणाकडे नसेल. ती घालून सरांची पुन्हा सही घ्या, नाहीतर हा अर्ज पाठवून उपयोग नाही.

फोन ठेवून पत्रातली फ्रिजपाशी येऊन बसली.

"माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. "तू लिहिलंस तेवढंच आहे. तुझ्याकडे आहे?"

शलाकाने फ्रिजच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली.

"नाही पाठवला तर दोघी इथेच राहू. मला चालेल. मी खंबीर आहे. पण फ्रिजमागे दोघी मावणार नाही. तुला जायचंय ना?"

"जायचंय."

"मग लिही."

शलाकाकडे एक गोष्ट होती. चष्माघर दहा फूट लांब आहे आणि नजर तपासायला वीस फूट लागतात. म्हणून पप्पांनी तक्ता खुर्चीच्या मागे, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टांगला आहे, आणि समोर आरसा. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली. आरशात ती सुलट होतात आणि अंतर दुप्पट होतं. शलाका तीन वर्षांची असताना त्या तक्त्याखाली स्टुलावर बसून मान वर करून बघत राहायची, आणि गिऱ्हाइकं वाचायची ते ऐकून ऐकून अक्षरं शिकली. सगळी उलटी. पहिलीत बाईंनी पाटी पाहून घरी निरोप धाडला. पप्पांनी पाटी आरशासमोर धरली, हसले, आणि ती पुसली नाही. अजून दुकानात वरच्या फळीवर आहे, फडक्यात गुंडाळलेली. अजूनही तिला तो तक्ता डोळे मिटून, खालून वर, म्हणता येतो. हे आईलाही पूर्ण माहीत नाही. हे ती आणि पप्पा यांच्यातलं आहे.

पहिल्या खर्ड्यात तिने हे लिहिलं होतं आणि खोडलं होतं, कारण थोरवत सरांना हे कसं ठाऊक असणार?

"सर चष्मा करायला आले तेव्हा त्यांनी पाहिलं, असं लिही," पत्रातली म्हणाली.

तिने लिहिलं. एकेक वाक्य पुरं झालं की ते वाक्य डोक्यातून उतरल्यासारखं वाटायचं, पिशवीतून एकेक बटाटा काढून ठेवावा तसं. स्टूल गेलं. बाई गेल्या. पाटीचं वाक्य लिहिताना ती थांबली आणि तिने विचारलं, पप्पा हसले होते की रागावले होते?

पत्रातलीने मान खाली घालून सांगितलं, "हसले होते."

सही

सरांनी चौदा तारखेला सही केली. म्हणाले, हो हो, पाहिलंय मी, एवढीशी होती.

पंधराला सकाळी अर्जाचं शेवटचं पान उघडलं. त्यावर पालकाची सही लागत होती. 'अर्जदाराला मी समक्ष पाहिले असून ती माझीच मुलगी आहे, याची खात्री करून सही करत आहे.'

दुसरा कोणी बाप असता तर त्याने सही करून टाकली असती. पण दिगंबर वाठारकरांनी तीस वर्षांत तपासल्याशिवाय कोणाला चष्मा दिला नाही. कोणी जुना नंबर घेऊन आला तरी ते म्हणायचे, बसा आधी. त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, आईला घरून बोलावून घेतलं, आणि दोन्ही मुलींना तक्त्याखाली उभं केलं. शलाका डावीकडे, पावलं जोडून. पत्रातली उजवीकडे. मग ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. तपासणीची जड फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली आणि समोरच्या आरशात पाहिलं.

"वाचा," ते म्हणाले. "मागे वळून. भिंतीवरचा."

पत्रातली वळलीच नाही. तिने डोळे मिटले आणि तळाच्या ओळीपासून सुरुवात केली. एकही अक्षर चुकलं नाही. आरशात पप्पांचा चेहरा हळूहळू सैल झाला. एकदा त्यांची नजर वरच्या फळीकडे गेली.

शलाका वळली. भिंतीवर पांढरा कागद होता आणि त्यावर काळे ठिपके. मोठे वर, बारीक खाली. तिने मान उंच केली, कारण मानेला तेवढं आठवत होतं.

"दिसत नाही, पप्पा," ती म्हणाली आणि परत आरशाकडे वळली.

"घाई नाही," पप्पा म्हणाले. या खुर्चीत बसून कोणी 'दिसत नाही' म्हणालं की ते हेच म्हणतात. "सावकाश, शलू."

तिला शलू अशी हाक मारून महिना झाला होता. त्यांनी कोणाला म्हटलं ते आरशात कळत नव्हतं.

आई पेटीतून काच काढून द्यायची, ते फ्रेममध्ये सरकवायचे आणि स्वतःलाच विचारायचे, ही बरी की ही? अर्ध्या नंबराची घातली. पाऊण घातली. ही बरी की ही? डावीकडची थोडी स्पष्ट झाल्यासारखी वाटली की उजवीकडची विरघळायची. काच काढली की उलट व्हायचं. पेटी रिकामी होत गेली. बाहेर शटरपाशी दोन पाय येऊन उभे राहिले, थोडा वेळ थांबले आणि निघून गेले.

"एका डोळ्याला एक दिसते," पप्पा शेवटी म्हणाले. "दुसऱ्याला दुसरी. दोन्ही उघडे ठेवले की दोघी हलतात."

"मग?" आई म्हणाली.

"सही एकीसाठीच करता येते."

पेटीत आता एकच काच होती. ती काच नव्हतीच. काळी पत्र्याची चकती, एक डोळा झाकायची. आईने ती पदराने पुसली, गरज नसताना दोन्ही बाजूंनी पुसली, आणि पप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरून फ्रेमसमोर आणली. शलाकाने श्वास आत घेतला. शेजारच्या मुलीनेही घेतला. आरशात पप्पांचा हात कधी या डोळ्यापाशी, कधी त्या डोळ्यापाशी थांबत होता. मग त्यांनी रोज गिऱ्हाइकाला विचारतात त्याच आवाजात विचारलं,

"शलू, कुठला झाकू?"