अर्ध्यावर थांबलेला हात

कामावर रुजू होऊन इवेताला आज तिसरा दिवस होता. सकाळची पाळी संपवून ती तीन वाजता घरी आली, तर चार वर्षांची हानका दारातल्या पायरीवर सशाला मांडीवर घेऊन बसलेली. आई दिसली तरी ती उठली नाही.

"आई, गोंबिक ओला झालाय."

ओला नव्हता तो. दोन्ही कानांच्या मागे, मानेवर, त्याची पांढरी लव तांबूस होऊन चिकटली होती. इवेताने बोटाने लव बाजूला केली. आत बोटाच्या पेराएवढी जखम, भोवती टणक गाठ. गोंबिकने आवाज केला नाही. त्याची मान एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

"काय झालं गं याला?"

हानका कुंपणाकडे बघायला लागली. एरवी मुंगी मेली तरी तिची पूर्ण कहाणी सांगणारं पोर. इवेताला वाटलं, घाबरली असेल.

सशाला टॉवेलात गुंडाळून ती स्वयंपाकघरात आली, तर गॅस चालू. रविवारी सूप करायचं मोठं पातेलं वर चढवलेलं, पाणी आटून आटून तळाला लागलेलं. ओट्यावर तीन गाजरं सोलून ठेवलेली. बुधवारी कसलं सूप? तिने गॅस बंद केला. म्हातारी माणसं विसरतात, असं स्वतःला सांगितलं, आणि त्या वेळी तिचा त्यावर विश्वासही बसला.

विश्वास बसायलाच हवा होता. नवरा, रादो, ऑस्ट्रियात घरांची छपरं घालायला गेलेला, दर दुसऱ्या शनिवारी यायचा. बालवाडीत जागा मिळणार ती सप्टेंबरात. तोवरचे चार महिने हानकाला सांभाळणार होते तिचे सासरे. गावात सगळ्या म्हणत होत्या, नशीबवान आहेस बाई, घरात असा आजोबा. कारखान्यातल्या मुकादमीणबाईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एक दिवस जरी दांडी मारलीस, तरी दाराशी वीस जणी उभ्या आहेत."

ती मागच्या अंगणात निघाली, तर कुंपणापलीकडून गिझेला मावशींनी मान वर काढली. गिझेला मावशींना टॉवेलातलं काय आहे ते न सांगताही कळायचं.

"मेला?"

"नाही हो. मानेला लागलंय काहीतरी."

"कुना! दुसरं कोण? गेल्या वर्षी माझ्या तीन कोंबड्यांच्या माना अशाच फोडल्या मेल्याने. एवढंसं मुंगसासारखं जनावर, पण दात बघशील तर! व्हेन्देलिनला दाखव. नाहीतर राहू दे, तो दाखवलेला ससा परत देत नाही, रस्सा करून देतो." आणि आपल्याच विनोदावर हसत त्या वाफ्यात वाकल्या.

सासऱ्यांना दाखवायचंच होतं. सशाला काहीही झालं, की सगळं गाव व्हेन्देलिनबाबांकडेच यायचं. उपचारालाही तेच आणि सुट्टीच्या दिवशी कापायलाही तेच. पन्नास वर्षांत त्यांचा वार कधी चुकला नव्हता. शाळेत मास्तरांनी छडीने बोटं फोडली तरी त्यांचा डावा हात उजवा झाला नाही, आणि म्हणूनच गावात म्हण पडली होती की डावखुऱ्याच्या हातचा ससा मऊ शिजतो.

खुराड्यांपाशी ते डाव्या हातात विळा धरून सशांसाठी खाजरा पाला कापत होते. खुराड्यांत सात ससे, सगळे करडे, मांजरीपेक्षा मोठे. गोंबिक त्यांच्यातला नव्हताच. तो घरात, चुलीजवळच्या टोपलीत राहायचा, लोंबत्या कानांचा, मुठीएवढा.

"बाबा, जरा बघता का? गिझेला मावशी म्हणतात, कुना."

"गिझेलाला कोंबडीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत नाही." त्यांनी विळा खोचला, हात विजारीला पुसले. "आण इकडे. काय रे लब्बाडा, मारामारी केलीस? खातोस दोघांचं आणि अंगावर बोटभर मांस नाही."

त्यांनी गोंबिकला छातीशी धरून अंगठ्याने लव मागे सारली. ते हात बघितले की सशांचं अंग आपोआप ढिलं पडायचं. आता मात्र गोंबिक लाकडासारखा ताठ झाला. इवेताने ते पाहिलं.

"कुना नव्हे," ते म्हणाले. "कुना चावला की चार भोकं पडतात. ही कातडी फाटलेली नाही, फुटलेली आहे. काठी आहे ही." त्यांचा आवाज चढला, एखादी गोष्ट नीट येत असलेल्या माणसाचा चढतो तसा. "मागचे पाय धरून उलटा टांगलेला, मग वार. आणि जागा बघ, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. शिकलेला हात आहे. पण पुरता मारला नाही. अर्ध्यावर आवरला. कुणीतरी हाक मारली असणार. म्हणून वाचला गडी, मान थोडी वाकडी राहील इतकंच."

"पण कोण मारेल, बाबा?"

"थांब, तेही सांगतो. खोल बाजू बघ कुठली आहे. सगळ्यांची अशी येते." त्यांनी उजवा हात हवेत फिरवून दाखवला. "ही उलट आहे. म्हणजे मारणारा डाव—"

ते थांबले.

खुराड्यात एक ससा पाणी पीत होता, त्याचा टकटक आवाज तेवढा येत राहिला. व्हेन्देलिनबाबांनी सशाला इवेताच्या हातात दिलं, अगदी हळू, आणि ते छपरीत गेले. आत खिळ्याला त्यांची ससे मारायची, बीच झाडाच्या लाकडाची काठी टांगलेली असायची, चामड्याच्या वादीची. ती घेऊन ते उजेडात आले. काठीच्या टोकाला केस चिकटले होते. पांढरे.

इवेताच्या मनात पहिल्यांदा आला तो राग, आणि तो आला म्हणून तिला बरंच वाटलं. मुद्दाम केलं असेल म्हाताऱ्याने. मुद्दाम केलं असेल तर भांडता येईल, रादोला सांगता येईल, काठी जाळता येईल. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तो राग टिकेना.

"मला आठवत नाही, पोरी," ते म्हणाले. "मार्गिताची शपथ. मला काही म्हणता काही आठवत नाही."

मार्गिता म्हणजे इवेताची सासू. जाऊन सहा वर्षं झाली होती.

हानका कधीची मागे येऊन उभी होती. इवेता खाली बसली. "हानका, आजोबांनी गोंबिकला काय केलं?"

"आजोबा म्हणाले, सांगायचं नाही."

"मी म्हणालो?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "मग आता मीच म्हणतो, सांग बाळा."

हानकाने आजोबांकडे एकदा बघून घेतलं. "आजोबा म्हणाले, मार्गिता, पातेलं चढव, जत्रेला पाहुणे येतील. मी म्हटलं, मी हानका आहे. तरी मार्गिताच म्हणाले. मग गोंबिकला उलटं धरलं. मी ओरडले, आजोबाऽऽ! मग ते खाली बसले आणि रडले. मग मी त्यांना माझा रुमाल दिला."

गावची जत्रा ऑक्टोबरात असते. हा मे महिना होता.

मग व्हेन्देलिनबाबांनी काठी दोन्ही हातांत आडवी धरून इवेतापुढे केली. पाठोपाठ विळा. मग खिशातला कातडी सोलायचा छोटा चाकू, तो त्यांच्याजवळ लग्नाच्या आधीपासून होता. तिचे हात सशाने भरलेले, म्हणून त्यांनी सगळं तिच्या पायाशी ठेवलं.

"उद्या पोरीला माझ्याजवळ ठेवू नकोस."

"कुठे ठेवू, बाबा?"

ते खुराड्याजवळच्या पालथ्या बादलीवर बसले.

इवेताने सशाला टोपलीत निजवलं, तळाला काळं पडलेलं पातेलं भिजत घातलं आणि मुकादमीणबाईंना फोन लावला. सहाची पाळी. उद्या जमणार नाही. परवाही नाही. नाही, मूल आजारी नाही. तिकडून बाई म्हणाल्या, "तिसऱ्याच दिवशी?" इवेता काहीतरी सांगणार होती. सांगितलं असतं तर उद्या सगळ्या कारखान्याला आणि परवा गावाला कळलं असतं की व्हेन्देलिनचं डोकं गेलं. "हो, तिसऱ्याच दिवशी," ती म्हणाली. बाईंनी फोन ठेवून दिला.

खिडकीतून अंगण दिसत होतं. हानका रोजच्यासारखी आजोबांच्या मांडीवर चढून बसली होती आणि सशाला तो खाजरा पाला टोचत कसा नाही, हे त्यांना विचारत होती. ते उत्तर देत होते. पण एरवी तिच्या पोटाभोवती असायचे ते दोन्ही हात त्यांनी बादलीच्या कडांवर घट्ट दाबून धरले होते. पोर घसरायला लागलं तरी त्यांनी ते उचलले नाहीत.

इवेता धावत बाहेर गेली आणि तिने हानकाला धरलं.