चौथ्या मजल्यावरचा संसार

गावात सगळे त्याला किल्लीभाऊ म्हणत. हे नाव काही कोणी लाडाने ठेवलेलं नव्हतं. समुद्राकाठच्या सहा मजली इमारतीतल्या बत्तीस फ्लॅटांपैकी सत्तावीस फ्लॅटांच्या किल्ल्या त्याच्या पिशवीत असत आणि तो चालला की पिशवी खुळखुळे, म्हणून ते पडलं. मालक सगळे लांबच्या शहरांतले. तेजी होती तेव्हा पाया खणायच्या आधीच, नुसता नकाशा बघून त्यांनी फ्लॅट घेतले होते. "समुद्र दिसतो ना?" एवढा एकच प्रश्न विचारायचे. त्या दिवसांत किल्लीभाऊला जेवणाचा घास हातात धरून फोनवर बोलावं लागे, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची चैनही त्याने तेव्हा मनसोक्त करून घेतली.

मग मंदी आली. मंदीत माणूस सगळ्यांत आधी सुट्टीतलं घर विकायला काढतो आणि सगळ्यांत शेवटी विकत घेतो, हे घरांच्या दलालीच्या वीस वर्षांत त्याला पक्कं कळलं होतं. बाल्कनी-बाल्कनीवर 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावरचे फोन नंबर पुसट झाले, पण फोन करायची घाई कोणाला होती म्हणा! अकरा महिन्यांत एकही सौदा नाही. नवराबायकोचं ठरलं होतं: महिनाअखेरपर्यंत एक तरी फ्लॅट गेला तर दलालीचं ऑफिस आणखी वर्षभर रेटायचं. नाहीतर कुलूप लावून शहरात लेकीकडे जायचं, जावयाच्या मागच्या खोलीत. जावई सज्जन होता, खोलीही हवेशीर होती. पण म्हातारपणी जावयाच्या घरी जाऊन पडायचं किल्लीभाऊच्या जिवावर यायचं.

रिकाम्या इमारतीत कोणी घर घेत नाही. खानावळीतसुद्धा माणूस चार जण जेवताना दिसले तरच आत शिरतो. म्हणून किल्लीभाऊने स्वतःची एक पद्धत बसवली होती. गिऱ्हाईक यायच्या आधी दोन तास तो मागच्या जिन्याने वर जायचा. नळ सोडून तांबूस पाणी वाहू द्यायचा, खिडक्या उघडून कोंदट वास घालवायचा, मेलेल्या माश्या झाडून काढायचा. मग पिशवीतून घरचे कपडे काढून चार वेगवेगळ्या फ्लॅटांच्या बाल्कन्यांत वाळत घालायचा. एकात चादर, एकात आपला शर्ट, एकात बायकोचा गाऊन.

"आज माझा गाऊन कुठल्या मजल्यावर मुक्कामाला?" बायको विचारायची.

"पाचव्या."

"समुद्र दिसतो ना त्याला? मजा आहे. मला ओट्यापाशी उभी राहिले की शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते."

चौथ्या मजल्यावरचा संसार मात्र कायमचा होता. ती बाल्कनी रस्त्यावरून नीट दिसे, म्हणून तिथे एक टॉवेल, एक पुरुषी पँट आणि एक पिवळा फ्रॉक वर्षभर लटकत होता. फ्रॉक लेकीचा, ती पाच वर्षांची असतानाचा. लेक आता चाळिशीला टेकली होती. बायकोने तो ट्रंकेत जपून ठेवला होता. किल्लीभाऊ येता-जाता टॉवेल बदलायचा आणि फ्रॉक उलटसुलट करून लावायचा. कधीकधी गिऱ्हाईक नसतानाही तो उगाच तेवढ्यासाठी वर जायचा.

खरी राहणारी पाच घरं होती, पण ती तो गिऱ्हाइकांना चुकूनही दाखवत नसे. कारण राहणारा माणूस म्हणजे तक्रार. त्यातही दुसऱ्या मजल्यावरच्या, निवृत्त पोस्टमास्तरांच्या पत्नी, म्हणजे काकू. त्यांचं तक्रारींचं दुकान कधी बंदच होत नसे. म्हणून किल्लीभाऊ वॉचमनला सांगून तेवढ्यापुरती लिफ्ट चालू करून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला काकूंच्या दारावरून थेट वर न्यायचा.

महिना संपायला आठ दिवस उरले आणि एका नर्सबाईंचा फोन आला. पस्तीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच होत्या.

"समुद्र दिसला नाही तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण भिंतीपलीकडे माणूस हवं. मी बाथरूममध्ये पडले तर माझी हाक कोणाच्या तरी कानावर जाईल का, तेवढं सांगा."

"जाईल की! भरलेली इमारत आहे," किल्लीभाऊ म्हणाला. सवयीने.

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना चौथ्या मजल्यावर नेलं, फ्रॉकच्या शेजारचा फ्लॅट दाखवायला. नर्सबाईंनी नळ पाहिले नाहीत की समुद्राकडे पाहिलं नाही. बाल्कनीत जाऊन त्या शेजारी डोकावल्या आणि एकदम त्यांचा चेहरा सैलावला.

"मुलगी आहे वाटतं. केवढी?"

"पाचेक वर्षांची."

"आवाज नाही येत तिचा."

"शाळेत गेलीय."

एक खोटं बोललं की त्याच्या मागून दुसरं येतंच. नर्सबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "हेच घेते मी. माझी आयुष्याची पुंजी आहे भाऊ, दुसऱ्यांदा चुकायची सोय नाही मला," असं म्हणून त्यांनी पर्समधून चेकबुक काढलं. किल्लीभाऊला हायसं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, पण त्या चेकबुकाकडे त्याला बघवेना.

"बयाण्याचा चेक खाली तुमच्या ऑफिसात लिहू," नर्सबाई म्हणाल्या, "इथे टेबल नाही."

नेमकी तेव्हाच वीज गेली. लिफ्ट बंद. जिन्याने उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर, पंखा बंद पडला म्हणून काकू दार सताड उघडं टाकून वारा घेत बसल्या होत्या.

"किल्लीभाऊ! सापडलात एकदाचे!" त्यांनी दोघांना आत ओढलंच. मग गाडी सुरू झाली. लिफ्ट म्हणजे नुसती शोभेची. नळाला पाणी खारट. दाराच्या बिजागऱ्या वर्षात गंजतात. वाळू तर उशीत येते, तव्यावर येते. किल्लीभाऊ डोळ्यांनी खुणावत होता, पण काकू कुठल्या बघतायत! नर्सबाई मात्र खुर्चीत मागे टेकून, कौतुकाने ऐकत बसल्या.

"मी चौथ्या मजल्यावर घेतेय," मध्येच त्या म्हणाल्या.

काकू थांबल्या. "घ्या हो, घ्या! एवढं सगळं बोलले तरी घ्या. आम्ही तर गेल्या वर्षी सामान बांधून ठेवलं होतं. संध्याकाळी चार दिवे सुद्धा दिसायचे नाहीत, जीव घाबरायचा माझा. मग एका सकाळी खाली गेले तर चौथ्या मजल्यावर एवढासा पिवळा फ्रॉक. यांना म्हटलं, लेकरू आलंय इमारतीत, आता नाही जायचं."

"मी दोनदा वर जाऊन बेल वाजवली," पोस्टमास्तर म्हणाले. "दोघं कामावर जात असतील, कोणी उघडलं नाही. हिचे गुडघे दुखतात, मला दम लागतो, पुन्हा जाणं झालं नाही. पोरीसाठी पोस्टाची जुनी तिकिटं काढून ठेवलीत मी." त्यांनी खणातून एक फुगीर पाकीट काढलं. "किल्लीभाऊ, तुम्हाला तर ठाऊक असणार. नाव काय तिचं?"

कुठलंही नाव चाललं असतं. धंद्यात किल्लीभाऊ उत्तराला कधी अडला नव्हता. तिघंही त्याच्याकडे बघत होते, आणि पोस्टमास्तरांनी तर पाकिटावर नाव घालायला पेनही उघडलं होतं.

"तिथे कोणी राहत नाही," तो म्हणाला. "फ्रॉक माझ्या मुलीचा आहे. जुना. मीच लावतो."

"म्हणजे वर कोणीच नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"वर्षभर?"

"वर्षभर."

नर्सबाईंनी पर्सची चेन लावली. पोस्टमास्तरांनी पेनाला टोपण घातलं आणि पाकीट खणात ठेवून खण हळूच लोटला. काकू काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. ज्या बाईने पाच मिनिटांपूर्वी वाळूच्या कणाकणाचा हिशोब मागितला, तिने एवढ्या मोठ्या फसवणुकीवर एक शब्द काढू नये, हे किल्लीभाऊला सोसेना. त्याला शरमेने मान वर करवेना.

नर्सबाईंना बसपर्यंत सोडायला तो फाटकाशी आला.

"तुम्ही कुठे राहता?" त्यांनी विचारलं.

"बाजारात. भाड्याने."

"सत्तावीस किल्ल्या जवळ असून? इथे का नाही?"

दवाखाना लांब, बाजार लांब, अशी दहा उत्तरं त्याला पाठ होती. "संध्याकाळी इथे फार एकटं वाटतं, बाई," तो म्हणाला.

"आणि तेच मला विकत होतात," त्या म्हणाल्या. रागाने नाही, दुखणं कुठे आहे ते सापडल्यासारख्या. बस आली, त्या गेल्या.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती खोकी बांधत होती, ती थांबली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. तिला माणसं हवी होती, आणि होती ती माणसं तुम्ही लपवलीत!" मग हातातली सुतळी खाली ठेवून म्हणाली, "ऑफिस बंद म्हणजे इथलं भाडं काही परवडायचं नाही. चौथ्या मजल्याचा मालक कधीपासून म्हणतोय, कोणीतरी फुकट राहा पण दारं-खिडक्या उघडी ठेवा. आता खोकी बांधलीच आहेत, तर जायचं तिथेच जाऊ. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या माउलीला तोंड कसं दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा."

एक तारखेला ते चौथ्या मजल्यावर राहायला गेले. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी जिन्यात गाठून लिफ्टवरून त्याची खरडपट्टी काढली, तेव्हा कुठे किल्लीभाऊचा जीव भांड्यात पडला. हाताला काम म्हणून तो बंद फ्लॅटांची देखभाल करू लागला. मालक त्याचे थोडेफार पैसे देत. लेकीने फोनवर, "बाबा, हे काय नवीन?" असं विचारलं, पण मागच्या खोलीचा विषय तिनेही काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, नर्सबाईंचा फोन आला.

"विकत नाही मी आता," तो आधीच म्हणाला. "ऑफिस बंद केलं. चौथ्या मजल्यावर राहतो, बायको आणि मी."

"कसं आहे?"

"पाणी खारट आहे. लिफ्ट आजही बंद आहे. संध्याकाळी अजून सुनसान वाटतं, पण पहिल्याइतकं नाही."

"त्या काकूंच्या शेजारचं रिकामं आहे का?"

"आहे. पण ते मागच्या बाजूला येतं. समुद्राचा थेंब दिसत नाही, म्हणून मी ते कोणाला कधी दाखवलंच नाही."

"त्यांची भिंत कुठे येते? बाथरूमला लागते?"

किल्लीभाऊला उत्तर माहीत नव्हतं. "बघून सांगतो," तो म्हणाला आणि फोन कानाला तसाच धरून दोन मजले उतरला. किल्ली शोधली, दार उघडलं. बाथरूममध्ये शिरून भिंतीपाशी उभा राहिला. काय करावं ते क्षणभर सुचेना. मग बेताच्याच आवाजात त्याने हाक मारली, "काकू!"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "आले, आले!" भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. मग चपलांची फटफट, मग उघडं दार ढकलून काकू स्वतःच, एक हात गुडघ्यावर, दुसरा साबणाने ओला, धापा टाकत.

"काय झालं? पडलात का?"